गाठीचे नाव

आपल्या घरांमध्ये बाईच्या आजाराला नाव नसते. 'तबियत ठीक नहीं', 'कमजोरी है', फारच झाले तर 'अंदर की तकलीफ'. एवढ्या भांडवलावर आमच्या दाद्या, नान्या आणि फुफ्या आल्या आणि गेल्या. पुरुषाला शुगर होते, बीपी होते, मुतखडा होतो, आणि तो खडा किती मिलिमीटरचा आहे हे चारचौघांत चहा पिताना सांगितलेही जाते. बाईला मात्र नुसते 'बरे नाही' असते. मयतीच्या दिवशी आलेल्या बायका विचारतात, "हुआ क्या था?" आणि घरातले कोणीतरी खाली मान घालून म्हणते, "बहोत दिन से बीमार थी."

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरात दखनी, वर्गात उर्दू, बाजारात आणि एस.टी.त मराठी असा आमचा तीन भाषांचा संसार आहे. शब्दांवरच आमची रोजीरोटी. तरीही शरीराच्या एका अवयवाचे नाव आमच्या घरात मोठ्याने घेतले जात नव्हते. दखनीत त्याला बच्चादानी म्हणतात, मराठी शेजारणी पिशवी म्हणतात, पुस्तकात गर्भाशय असते. आमच्या उर्दूत त्याला अरबीतून आलेला 'रहम' हा शब्द आहे. रहमत, रहमान, रहीम हे शब्दही त्याच धातूचे. नातेवाइकांशी नाते जपण्याला आपण 'सिला-रहमी' म्हणतो, त्यातही तोच रहम आहे. ज्या शब्दातून आपली सारी नाती निघाली, तो उच्चारताना आपला आवाज खाली जातो, हे आम्हाला आपांच्या आजारपणात पहिल्यांदा नीट उमगले.

आपा म्हणजे आमच्या थोरल्या बहीण. राहुरीकडच्या एका गावात राहतात. दुलाभाईंचे मोटारसायकल दुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे. २०२२ साली आपा शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. दीड वर्ष त्यांना जास्तीचा रक्तस्राव होत होता. 'उमर का तकाजा है' म्हणून त्यांनी तो अंगावर काढला. रक्त सहावर आले तेव्हा सोनोग्राफी झाली. पिशवीत गाठ निघाली. अशा गाठी कितीतरी बायकांना असतात, त्यांतल्या बहुतेक साध्या असतात, हे खरेच आहे. एका खाजगी दवाखान्यात पिशवी काढली. अंडाशये तशीच ठेवली. काढलेला भाग फॉर्मेलिनच्या बरणीत घालून बरणी दुलाभाईंच्या हातात दिली आणि लॅबचा पत्ता सांगितला. दुलाभाईंनी ती काळ्या पिशवीत गुंडाळून, मोटारसायकलवर पुढे धरून नगरला पोहोचवली. वाटेत कोणी ओळखीचे भेटले तर काय सांगायचे, याचीच त्यांना जास्त काळजी होती.

आठ दिवसांनी अहवाल आला. त्यात निकाल नव्हता, प्रश्न होता. ही स्नायूची साधी पण दाट पेशींची गाठ आहे, की गर्भाशयाच्या अस्तराखालच्या पेशींची वेगळी गाठ आहे, हे नुसत्या सूक्ष्मदर्शकातून ठरत नाही. आयएचसी तपासणी करावी, असे शेवटी लिहिले होते. ऑपरेशन करणाऱ्यांनी अहवाल वाचून सांगितले, "बहुतेक साधीच असेल. पैसे असतील तर करून घ्या."

'पैसे असतील तर' हे वाक्य गरिबाच्या घरात फार लांब चालते. त्या तपासणीत प्रत्येक मार्करचे वेगळे पैसे, आणि मार्कर सात. आपांच्या घरचा दोन महिन्यांचा किराणा त्यात आला असता. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. आमच्या भाचीची निस्बत श्रीरामपूरला ठरत आली होती. 'आई को कॅन्सर' एवढे दोन शब्द तिथे पोहोचले तर काय होईल, हे सांगायला कोणी नजूमी लागत नव्हता. आपा म्हणाल्या, "निकल गई ना बच्चादानी? जो था सो गया. अब जाँच करके नाम रखना है क्या उसका?"

आम्ही म्हणालो, "हाँ आपा, नामच रखना है."

त्या रात्री ती तपासणी म्हणजे काय हे आम्ही आपांना समजावून सांगितले. ते इथे लिहितो, कारण आपल्यापैकी कोणाच्याही घरी असा कागद येऊ शकतो.

शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये टिकवतात, मग मेणात बसवतात. त्या मेणाच्या चौकोनी वडीला ब्लॉक म्हणतात. यंत्राने ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचेवर घेऊन रंगवतात. नेहमीच्या रंगात पेशींची केंद्रे निळी-जांभळी दिसतात, बाकीचे गुलाबी. तज्ज्ञ डोळा त्यातून पुष्कळ ओळखतो. पण काही गाठींच्या पेशी दिसायला इतक्या सारख्या असतात की डोळा थकतो.

आमच्या वर्गात साठ मुली आहेत. सगळ्यांचा गणवेश एक, ओढणी एक. बदलीवर आलेल्या शिक्षिकेला कोण कोणती हे कसे कळणार? ती हजेरीपट काढते आणि नाव पुकारते. जिचे नाव, ती उठून 'हाजिर' म्हणते. आयएचसी म्हणजे पेशींची हजेरी. प्रत्येक जातीच्या पेशीत काही ठराविक प्रथिने असतात. त्या एकेका प्रथिनालाच चिकटणारे प्रतिद्रव्य कापावर सोडतात. प्रथिन असेल तर ते चिकटते आणि पुढच्या रसायनाने तिथे तपकिरी रंग येतो. तपकिरी म्हणजे हाजिर, निळे म्हणजे गैरहाजिर. सोबत एक असा काप ठेवतात की ज्यात ते प्रथिन आहे हे आधीच ठाऊक असते. तिथेही रंग आला नाही तर हजेरी घेणाराच चुकला, पेशी नव्हे.

आणखी एक बाब. एका हजेरीवर निकाल देत नाहीत. 'सीडी १०' नावाचा मार्कर अस्तराखालच्या पेशींत सापडतो, पण दाट पेशींच्या साध्या स्नायूगाठीतही कधी कधी सापडतो. म्हणून सोबत स्नायूची ओळख सांगणारे डेस्मिन आणि काल्डेस्मॉन लागतात, संप्रेरकांचे ईआर आणि पीआर लागतात, गाठ किती जोमाने वाढते याचा अंदाज देणारा की-६७ लागतो, आणि ही त्याच कुळातली जास्त आक्रमक गाठ तर नाही ना, याचा माग काढायला सायक्लिन डी-१ लागतो. दुलाभाई ऐकत बसले होते. ते म्हणाले, "मतलब गवाह एक नहीं चलता." अगदी हेच.

ही विद्या परदेशातून आली असली तरी तिचा धागा आपल्या मातीतही आहे. १९४१ साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिद्रव्याला चमकणारे रसायन जोडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घेतली. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांनी काम केले, १९४९ साली पीएच.डी. मिळवली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र घेऊन परत आल्या. या गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी वाढवल्या गेल्या. त्या पेशी आजही जगभर वाढत आहेत. त्या बाईला मात्र कोणी विचारले नव्हते. पेशी वाढवण्याच्या अशाच तंत्रातून १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच प्रथिनाला ओळखणारी प्रतिद्रव्ये हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली, आणि १९८४ साली त्यांना नोबेल मिळाले. आपांच्या कापावर टाकलेला थेंब या सगळ्या वाटा चालून आला होता. कमलताई रणदिवे तर निवृत्तीनंतर आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आल्या होत्या. १९८९ साली त्यांनी तिथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. हे वाचल्यावर आम्हाला ती विद्या परकी वाटेनाशी झाली.

पैशाचे काय झाले? आमच्या बी.एड.च्या वेळी अम्मींनी दिलेल्या दोन बांगड्या होत्या, त्यातली एक उपयोगी पडली. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखे नाही.

ब्लॉक मागायला आम्ही स्वतः लॅबमध्ये गेलो. मेणाची ती वडी आमच्या तळहातावर ठेवली गेली. टपाल तिकिटापेक्षा थोडी मोठी. ज्या अवयवातून आपांची तीन मुले या जगात आली, त्याचा तो तुकडा. ऊतीला आमच्या उर्दूत 'बाफ्त' म्हणतात. फारसीत बाफ्तन म्हणजे विणणे. जरबफ्त हे कापडाचे नाव त्यातूनच आले. मराठी 'ऊती' हा शब्दही संस्कृतातल्या विणण्याच्याच अर्थाचा, आणि इंग्रजी टिश्यू मुळात विणलेल्या वस्त्राचे नाव. आमचे नगर आणि भिंगार एकेकाळी हातमागाच्या साड्यांसाठी ओळखले जात. माग चालवणाऱ्या मोमिनांना कापडाचा पोत बोटाने कळायचा. इथेही तेच चालले होते. विणीत कुठे दुसराच धागा शिरला आहे, हे शोधायचे होते.

निकाल आला. सीडी १० सगळीकडे ठळक हाजिर. डेस्मिन आणि काल्डेस्मॉन शेजारच्या निरोगी स्नायूत हाजिर, गाठीत गैरहाजिर. ईआर, पीआर हाजिर. की-६७ कमी. सायक्लिन डी-१ नाममात्र. म्हणजे गाठ स्नायूची नव्हती, अस्तराखालच्या पेशींची होती. आता ती निरुपद्रवी की घातकी हे मार्कर सांगत नाहीत. ते गाठीच्या कडेवर ठरते. साध्या गाठीची कड सरळ असते. आपांच्या गाठीची कड जिभांसारखी स्नायूत घुसलेली होती. नाव लिहिले होते: लो-ग्रेड एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा. गर्भाशयाच्या कर्करोगांत शंभरात एकीलाही न होणारा.

आपांनी ते नाव आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. मग म्हणाल्या, "चलो, नाम तो मालूम हुआ."

नाव कळल्याने काय होते, असे कोणी विचारील. पुढचे सगळे नावावरच ठरले. आम्ही स्लाइड, ब्लॉक आणि कागद घेऊन परळला टाटा रुग्णालयात गेलो. तिथे बाहेरचे ब्लॉक पुन्हा तपासतात. निदान कायम झाले. ही गाठ बाईच्या इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसली जाते, म्हणून मागे ठेवलेली अंडाशयेही काढावी लागली. गाठ गर्भाशयाबाहेर गेलेली नव्हती. केमो नको, शेक नको, फक्त ठरलेल्या वेळी तपासणी, असे सांगितले. पुढे ती कधी उलटलीच तर संप्रेरक रोखणाऱ्या गोळ्या हाताशी आहेत, कारण ईआर आणि पीआर हाजिर आहेत. आणि एक सक्त ताकीद: इस्ट्रोजेनची गोळी कधीही घ्यायची नाही. अंडाशये काढल्यावर आपांच्या अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली. कोणीतरी 'हार्मोनची गोळी घ्या, आराम पडेल' असा सल्ला दिला. इतर बायकांना ती चालतही असेल. आपांनी फाइल उघडून दाखवली आणि गोळी परत केली. गाठ 'साधीच' मानून बसलो असतो तर तीच गोळी घरात आली असती.

गाठ साधीच असणार, हे गृहीत धरण्याची किंमत जगात इतरांनीही मोजली आहे. बोस्टनच्या डॉ. एमी रीड स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. २०१३ साली त्यांच्या गर्भाशयातल्या गाठी साध्या समजून फिरत्या पात्याच्या यंत्राने पोटातच तुकडे करून काढल्या. नंतर कळले की त्यांत सार्कोमा होता. त्यांनी आणि त्यांच्या पतीने आवाज उठवला. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या यंत्राविरुद्ध इशारा दिला. साध्या गाठी म्हणून शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० बायकांत एकीला लपलेला सार्कोमा असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. मे २०१७ मध्ये एमी रीड वारल्या. आपल्या आजाराचे नाव त्यांनी लपवले नाही, म्हणून कितीतरी बायका सावध झाल्या.

मग निस्बतीचा प्रश्न आला. आमच्या मोठ्या मामूंचे म्हणणे होते की निकाह होईपर्यंत गप्प राहावे. आपांनी टाटातल्या डॉक्टरीणबाईंना सरळ विचारले होते, "मॅडम, मेरी बेटी को होगा क्या?" त्यांनी समजावले की या गाठीत बहुधा दोन जनुके तुटून एकमेकांना चुकीची जोडली जातात. जेएझेडएफ-१ आणि एसयूझेड-१२ ही त्यांतली नेहमीची जोडी. पण ही तोडजोड जन्मानंतर, त्या गाठीच्या पेशींतच होते. आईकडून लेकीकडे ती जात नाही. आम्ही हे एका कागदावर सोप्या उर्दूत लिहिले. आपा म्हणाल्या, "झूठ पे बेटी नहीं देना." कागद श्रीरामपूरला गेला.

तीन आठवडे तिकडून काही आले नाही. घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते. भाची मात्र रोज आपांच्या पायाला तेल लावायची आणि म्हणायची, "अम्मी, नहीं आए तो नहीं आए." चौथ्या आठवड्यात मुलाची आई एकटीच आली. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग त्यांनी स्वयंपाकघरात आपांना हळूच विचारले, "तुमने किस डॉक्टर को दिखाया था?" त्यांना आठ महिन्यांपासून त्रास होता. पाळी थांबून चार वर्षे झाली होती, तरी डाग लागत होते. घरी कोणाला सांगितले नव्हते. त्यांची तपासणी झाली. सुदैवाने घातक काही निघाले नाही. निकाहही झाला. पण निकाहाहून मोठे आम्हाला ते स्वयंपाकघरातले विचारणे वाटते.

एकदा वर्गात मौलाना आझादांविषयी बोलत होतो. १९४२ पासून १९४५ पर्यंत ते आमच्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या, आणि त्यांची शेवटची भेट झाली नाही. 'गुबारे-खातिर'मध्ये त्या दुःखाचे पत्र आहे. एका मुलीने हात वर केला, "टीचर, उनको हुआ क्या था?" आमच्या तोंडून निघाले, "बहोत दिन से बीमार थीं." आणि आम्हाला आमच्या सगळ्या दाद्या-नान्या आठवल्या.

आता पूर्वी सांगायचो त्याहून थोडे जास्त सांगतो. पालकसभेला आलेल्या आयांना सांगतो की पाळी सोडून किंवा पाळी थांबल्यावर रक्त दिसले तर ते वयावर ढकलू नका. पिशवी काढली तर ती तपासायला गेलीच पाहिजे, आणि अहवालाची शेवटची ओळ कोणाकडून तरी वाचून घ्या. 'आयएचसी करावी' असे लिहिले असेल तर ते का लिहिले हे विचारा. ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो; तो कुठे आहे हे माहीत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या मदतनीसाला दवाखान्यात आधी भेटा. आणि फाइल ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या शालूखाली ठेवू नका.

आपांचा आजार दहा, कधी वीस वर्षांनीही उलटू शकतो. म्हणून दर खेपेला कागद वाढत आहेत. त्या फाइलमध्ये आमच्या शहराची दोन नावे आहेत. २०२४ पर्यंतच्या कागदांवर अहमदनगर, नंतरच्यांवर अहिल्यानगर. आजाराचे नाव मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे, आणि ते आपांना पाठ आहे. शेजारीण विचारते, "क्या हुआ था?" तेव्हा आपा तांदूळ निवडता निवडता पूर्ण नाव सांगतात. एक अक्षरही गाळत नाहीत.